चल, एका बाजूला!

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नंतर मोजावी लागते, असं काटेकोर उठसूट सगळ्यांना ऐकवत असत. ती किंमत पुढे आपल्यालाच काढावी लागेल, आणि तीही कॉम्प्युटरवर, आईच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका तो छापण्याआधी शोधून काढायचा त्यांना पगार मिळत असे. कुठला स्वल्पविराम घसरला, कुठली वेलांटी उलटी पडली, हे त्यांना दुरूनच दिसे. ऑफिसातल्या मंडळींनी वैतागून ठेवलेलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं आणि हळूहळू बिल्डिंगमध्येही तेच रूढ झालं. चुका काढणाऱ्या माणसाची एक सोय असते. त्याच्या स्वतःच्या चुका तपासायला कोणी नेमलेलं नसतं.

निदान बायकोची परीक्षा येईपर्यंत तरी नव्हतं.

काटेकोरांची बायको एका हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती, आणि ती हवी असेल तर खात्याची परीक्षा पास होणं भाग होतं. परीक्षेत नियम होते, पत्रव्यवहार होता आणि बीजगणित होतं. आजारी माणसाची नोंद करायला 'क्ष' कशाला लागतो, हे खात्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण पेपर काढणाऱ्याला तो लागत होता. मागच्या खेपेला ती नियमांत पहिली आली आणि बीजगणितात आपटली. आता वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. ती हुकली तर, फायलीला भोक कुठे पाडायचं हे जिला आपण शिकवलं, त्याच पोरीला उद्यापासून 'मॅडम' म्हणायची पाळी येणार, हे बायकोला स्पष्ट दिसत होतं. रात्रंदिवस तिला तेच खुपत होतं.

"त्यात काय एवढं? मी शिकवतो," काटेकोर म्हणाले.

नवऱ्याने बायकोला काय काय शिकवू नये, याची एक यादी प्रत्येक संसारात अनुभवाने तयार होते. काटेकोरांच्या संसारात बीजगणिताने त्या यादीत तडक पहिला नंबर पटकावला. बायकोने मांडलेलं गणित बरोबर की चूक हे बघण्याआधी ते तिच्या तीनच्या आकड्याच्या शेपटीबद्दल बोलू लागले. शेवटी तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

"तुम्ही शिकवत नाही हो, तपासता!"

"तपासल्याशिवाय शिकवणार कसं?"

"शिकवल्याशिवाय तपासता तसंच!"

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलातून नवीनच बातमी घेऊन आली. 'बीजमित्र' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. बीजगणिताचा सराव करून घेणारं, मराठीत बोलणारं, चुकलं तर न ओरडणारं आणि मुख्य म्हणजे संपूर्ण फुकट. 'न ओरडणारं' हे शब्द उच्चारताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण ते त्यांना बरोबर लागले.

"फुकट?" खालच्या मजल्यावरचे सर्वज्ञकाका म्हणाले. काका वीजखात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांना आपोआप अधिकार प्राप्त झाला होता. "काटेकोर, फुकटात उंदरालासुद्धा फक्त पिंजऱ्यातलंच मिळतं. आधी कॉम्प्युटर आणा, मग मी येऊन बघतो."

कॉम्प्युटर! घरात तो नव्हता, आणि फोनच्या पडद्यावर बायकोला अधिक आणि भागिले सारखेच दिसत. पण छापखान्याच्या भांडारात जुने कॉम्प्युटर धूळ खात पडलेले काटेकोरांनी पाहिले होते. निकामी ठरवलेले कॉम्प्युटर कर्मचाऱ्यांना घरी नेता येत. काटेकोर भांडारपालाकडे गेले.

"चालू स्थितीतला देता येत नाही," भांडारपाल म्हणाला. "निकामीच देता येतो."

"पण मला चालणारा हवाय."

"जरूर चालवा की! घरी नेल्यावर चालवा. इथे तो बंद पाहिजे. तंत्रज्ञाचा शेरा आणा, 'दुरुस्तीपलीकडे'."

तंत्रज्ञ हा छापखान्यातला एकमेव स्वाभिमानी माणूस होता. त्याने कॉम्प्युटर उघडला, आत फुंकर मारली, एक तार हलवली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. "दुरुस्तीपलीकडे?" तो दुखावून म्हणाला. "माझ्या हाताखाली आलेली वस्तू आजवर दुरुस्तीपलीकडे गेलेली नाही. असला शेरा मी देणार नाही." भांडारपाल म्हणाला, दुरुस्त झाला असेल तर तो आता छापखान्याच्या कामात परत घ्यावा लागेल, आणि त्यासाठी तो बंद का होता याची चौकशी होईल. काटेकोर या दोघांमध्ये चेंडूसारखे टोलवले गेले. भांडारपालापाशी ते म्हणत, "अगदी बरोबर, नियम म्हणजे नियम." तंत्रज्ञापाशी म्हणत, "अगदी बरोबर, अभिमान म्हणजे अभिमान." शेवटी तोडगा निघाला आणि शेरा पडला: 'दुरुस्त, परंतु दुरुस्तीपलीकडे'. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक चुकीचा ऱ्हस्व खपवून घेतला नव्हता, त्याला या वाक्याखाली सही करावी लागली. 

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत विराजमान झाला. सर्वज्ञकाकांनी बीजमित्र त्यात बसवून दिलं आणि निघताना बजावलं, "आता बँकेचं काही याच्याजवळ बोलू नका." यंत्राला आवाज होता, पण आवाज कमी करायचं बटण मात्र छापखान्यातच कुठेतरी गळून पडलं होतं. त्यामुळे बीजमित्र बोलायचं ते भर सभेत बोलल्यासारखं. पूर्ण बंद करावं तर सूचना ऐकू येत नसत.

नाव नोंदवायच्या वेळी यंत्राने विचारलं, 'विद्यार्थी की पालक?' बायकोने विद्यार्थी म्हणून स्वतःचं नाव घातलं.

"तुमचंही घालू का?" तिने विचारलं.

"मी? विद्यार्थी? या वयात?" काटेकोर हसले. पालक म्हणून नोंदवावं तर पालकाला फक्त लांबून बघता येत होतं, हात लावता येत नव्हता. ती भूमिका त्यांना घरात आधीच मिळालेली होती.

बायकोचं मात्र झकास जमलं. बीजमित्र तिला न रागावता सांगायचं, ती सोडवायची, आणि जमलं की यंत्र तिला वरच्या पायरीवर न्यायचं. आठवडाभरात ती साध्या समीकरणांवरून कंसांपर्यंत पोचली. स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. काटेकोरांना आनंद झालाच, पण आपण ओरडून जे झालं नाही ते एका निकामी यंत्राने न ओरडता करावं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

पहिला भडका उडाला तो आईच्या खोलीत. काटेकोरांच्या आईची खोली बाहेरच्या खोलीला लागूनच होती आणि मधली भिंत नावापुरतीच होती. बीजगणितात ज्याची किंमत माहीत नसते त्या अक्षराला 'चल' म्हणतात. आता हे आईला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती नुकती कुठे आडवी होत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून सणसणीत आवाज आला:

"चल, एका बाजूला!"

आई उठून बसली.

"बाकीचे, दुसऱ्या बाजूला!"

काटेकोर घरी आले तेव्हा आई पिशवी भरत होती. "मी चालले लेकीकडे. या घरात मला 'चल, एका बाजूला' म्हणणारं अजून कोणी जन्माला आलं नव्हतं."

"अगं आई, ते तुला नाही म्हणालं! चल म्हणजे क्ष."

"क्ष म्हणजे कोण? मीच ना? घरात किंमत नसलेलं दुसरं आहे कोण?"

"तो स्वल्पविराम चुकलाय," काटेकोर कळवळून म्हणाले. "लिहिणाऱ्याने चलनंतर उगाच स्वल्पविराम दिलाय, म्हणून यंत्र तिथे थांबतं. तो काढला तर—"

"स्वल्पविरामाने अपमान होत नाही रे. बाजूला हो म्हटल्याने होतो. आणि त्यावर तुझी बायको हसली. मी ऐकलं."

"हसली? हे बरोबर नाही तिचं," काटेकोर लगेच म्हणाले. "तुझं अगदी बरोबर आहे. मी सांगतो तिला." आई जराशी निवळली आणि पिशवीतला टॉवेल बाहेर काढत म्हणाली, "अगदी वडिलांवर गेलायस." काटेकोरांना ही स्तुती वाटली.

मग ते स्वयंपाकघरात गेले. बायको म्हणाली, "मी आईंना हसले नाही. गणित सुटलं म्हणून हसले. आता घरात हसायचंही नाही का?"

"तुझं अगदी बरोबर आहे," काटेकोर म्हणाले. "मी समजावतो आईला."

आईच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत यायला त्यांना मधला छोटासा बोळ पार करावा लागे. तो पार करता करता ते एका पक्षातून दुसऱ्या पक्षात सहज जात, आणि चेहऱ्यावर मात्र तेच समजूतदार, मध्यम आकाराचं हसू कायम असे.  बायकोने नुसतं त्या हसण्याकडे पाहिलं आणि भाजी परतली.

दुसरा भडका वरच्या मजल्यापर्यंत गेला. बायको एक कंसाचं गणित सोडवत होती. कंसात क्ष अधिक तीन, बाहेर दोन, आणि बरोबर सहा. उत्तर शून्य येतं, तिचंही आलं. यंत्राने आनंदाने बिल्डिंग दणाणून सोडली: "तुमची किंमत शून्य! शाब्बास! तुमची किंमत शून्य!"

थोड्या वेळाने दारात वरच्या मजल्यावरच्या गाणंबाई उभ्या. या गाणं शिकवत, त्यामुळे दुसऱ्याच्या आवाजातला सूर त्यांना नेमका कळतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी काटेकोरांचा हात हातात घेतला. "मी सगळं ऐकलं," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "बायकोने इतकं तोडून बोलू नये. तुम्हाला कधी मन मोकळं करावंसं वाटलं तर वर या."

"अहो, ते मला नव्हतं! ते तिला होतं!"

"म्हणजे तुम्ही तिला म्हणालात?" गाणंबाईंनी हात झटकन सोडला.

आता काटेकोरांचा मान दोन्ही बाजूंनी दुखावला. एका फुकटच्या सॉफ्टवेअरने त्यांच्या घरात भांडण लावलं होतं आणि बिल्डिंगमध्ये त्यांची किंमत जाहीर केली होती. असल्या सॉफ्टवेअरला बीजगणित तरी धड येतं का, हे कोणीतरी तपासायला नको? आणि तपासण्याचा अधिकार या घरात कोणाला होता?

साप्ताहिक सुटीच्या दिवशी, बायको कामावर गेलेली असताना, काटेकोर यंत्रासमोर बसले. फक्त तपासायला. स्वतःचं नाव विद्यार्थी म्हणून घालणं शक्यच नव्हतं, म्हणून बायकोच्या नावानेच ते आत शिरले. समोर कंस होते. कंस बघून त्यांनी चष्मा पुसला. पहिलं चुकलं, दुसरं चुकलं. यंत्र प्रेमाने म्हणालं, "हरकत नाही. आपण थोडं सोपं घेऊ."

सोपं आलं. क्ष अधिक सात बरोबर बारा. काटेकोरांनी सात उचलला, पलीकडे नेऊन बारात मिसळला आणि उत्तर लिहिलं, एकोणीस.

"चूक," यंत्र म्हणालं. "बाजू बदललीत, पण चिन्ह बदलायला विसरलात. अधिक पलीकडे गेला की उणे होतो."

"कशाला होईल?" काटेकोर यंत्राला म्हणाले. "इकडे सज्जन होता तो तिकडे जाऊन लगेच बिघडेल?" त्यांनी त्या वाक्यात मुद्रणदोष शोधला. सापडला नाही. मग पुढची सगळी गणितं त्यांनी आपल्याच तत्त्वाने सोडवली. यंत्र दर वेळी तेच वाक्य तितक्याच प्रेमाने बोलत राहिलं आणि एकेक पायरी खाली उतरत राहिलं. शेवटी पडद्यावर तराजू आला आणि त्यात सफरचंदं आली. काटेकोरांनी यंत्र बंद केलं आणि पेपर वाचत बसले.

संध्याकाळी बायको मोठ्या उत्साहाने सरावाला बसली. यंत्राने तिचं स्वागत केलं: "मागच्या वेळी तुम्ही बाजू बदललीत, पण चिन्ह बदलायला विसरलात. काळजी नको. आज आपण सफरचंदांपासून सुरू करू."

ती पडद्याकडे बघत राहिली. "काल तर मी कंसात होते," ती पुटपुटली. काटेकोरांनी पेपर आणखी वर धरला.

त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आपण सफरचंदांत नापास झालो हे बायकोला सांगणं म्हणजे काय, हे ज्याने कधी कोणाच्या वेलांट्या काढल्या आहेत त्यालाच कळेल. काटेकोरांनी ठरवलं, कबूल करण्यापेक्षा पायऱ्या गुपचूप परत चढवून ठेवाव्या. म्हणून ऑफिसातून लवकर निघून, ती घरी यायच्या आत ते पुन्हा बसले. आणि पुन्हा. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक जोराने फिरवावं तशी पायरी खालीच जात राहिली. रोज संध्याकाळी यंत्र बायकोला तेच ऐकवत होतं, आणि रोज ती जरा जास्त गप्प होत होती. ती सफरचंदं मुकाट्याने मोजून वर चढू बघायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली असायची. तिचं गुणगुणणं थांबलं.

एके संध्याकाळी तिने यंत्राला हातच लावला नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "मी परीक्षेला बसत नाही."

"अगं, का?"

"मला जमेनासं झालंय. आज शिकलेलं उद्या राहत नाही. केलेली चूक मला आठवतसुद्धा नाही हो. माणसाचं डोकं असंच जातं का, त्याला न कळवता?" तिचे डोळे भरून आले होते.  काटेकोरांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते त्यांचं नेहमीचंच वाक्य: "तुझं अगदी बरोबर आहे." आपण काय बोललो हे कळल्यावर ते स्वतःच दचकले.

आता मात्र गुपचूप काही होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते थेट सर्वज्ञकाकांकडे गेले. काका म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? चला, चढवून देतो." जिन्यात गाणंबाई भेटल्या. सगळी हकीकत कळल्यावर त्यांचा काटेकोरांवरचा राग गेला आणि त्याही आल्या, कारण गणित आणि ताल एकच, असं त्यांचं म्हणणं होतं. आई आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. अशी ही तज्ज्ञांची समिती यंत्राला भिडली.

क्ष उणे चार बरोबर चार.

"चारातून चार गेले, शून्य. शेंबडं पोरही सांगेल," काका म्हणाले. काटेकोरांचंही तेच मत होतं. यंत्र म्हणालं, "चूक."

"मग चार," गाणंबाई म्हणाल्या. "बघा ना, चारनेच सुरू झालंय, चारवरच समेला यायला हवं."

"चूक. बाजू बदललीत, पण—"

"याला व्होल्टेज कमी पडतंय," काका म्हणाले.

तिघांनी मिळून सफरचंदं पाडली, मग रंगीत ठोकळे पाडले, आणि बघता बघता पडद्यावर एक तळं आलं. तळ्यात बदकं होती. "चला," यंत्र लाडाने म्हणालं, "बदकं मोजू या!"

 मग काकांनी गवताआडच्या अर्धवट बदकाकडे बोट दाखवून ते अर्धंच धरावं, असा मुद्दा मांडला. गाणंबाईंनी पाण्यातली प्रतिबिंबंही मोजली. काटेकोर म्हणाले, गवताआड बदक नाहीच, तो शाईचा डाग आहे, तीस वर्षं मी डाग बघतोय. वाद एवढा रंगला की दार उघडल्याचं कोणालाच कळलं नाही. हॉस्पिटलातून लवकर परतलेली बायको मागे उभी होती, आणि त्याच क्षणी काकांनी वैतागून दाबलेलं बटण नेमकं बरोबर निघालं.

"शाब्बास!" यंत्र गरजलं, आणि बायकोचं पूर्ण नाव घेऊन म्हणालं, "आता तुम्हाला बदकं मोजता येतात!"

काका आणि गाणंबाई दोघांनाही एकाच वेळी घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. खोलीत काटेकोर, बायको आणि बदकं उरली. आई दारातल्या खुर्चीतून हलली नाही.

बायको पुढे आली. तिने दोन बटणं दाबून क्षचं एक गणित काढलं. क्ष अधिक नऊ बरोबर वीस. "सोडवा," ती म्हणाली.

"अगं, यंत्रच बिघडलंय. शेऱ्यातच लिहिलं होतं ना, दुरुस्तीपलीकडे—"

"सोडवा."

काटेकोरांनी नऊ उचलला, पलीकडे ठेवला. एकोणतीस.

"चूक," यंत्र म्हणालं. "बाजू बदललीत, पण चिन्ह बदलायला विसरलात."

"रोज हे मला तेच सांगतंय," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि काटेकोरांना त्याचीच जास्त भीती वाटली. "मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी कंसात चुकते. चुकते ना, नाही कुठे म्हणते? पण बाजू बदलताना मी कधी चुकत नाही. या घरात बाजू बदलून चिन्ह जसंच्या तसं ठेवणारं एकच माणूस आहे. आईंच्या खोलीत गेलात की आईंचे. स्वयंपाकघरात आलात की माझे. आणि चेहरा तोच! इकडे अधिक, तिकडेही अधिक. मग या घराचं उत्तर कधी बरोबर यायचं?"

काटेकोरांनी आधारासाठी आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती.

"मी परीक्षा सोडणार होते," बायको म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. "तुमच्या सफरचंदांपायी."

आयुष्यात पहिल्यांदाच काटेकोरांना 'तुझं अगदी बरोबर आहे' हे वाक्य मनापासून म्हणायचं होतं, आणि ते इतक्या वेळा वापरून झालं होतं की आता तोंडातून निघेना. ते नुसतेच उठून खुर्चीच्या मागे उभे राहिले. "चला, एका बाजूला व्हा," बायको म्हणाली, आणि खुर्चीत बसून तिने स्वतःचं नवीन नाव नोंदवलं. माहेरचं. यंत्राने तिची परीक्षा घेतली आणि पहिल्याच बैठकीत तिला सन्मानाने कंसात नेऊन बसवलं. तिने मान मागे टाकून डोळे मिटले आणि जोरात श्वास सोडला.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी फोन आला की आईची धाकटी बहीण आणि तिची मंडळी उद्या जेवायला येताहेत. आईने फोन ठेवला आणि मुलाला खोलीत बोलावलं.

"सूनबाईला सांग, उद्या घरीच राहा म्हणावं. परीक्षा काय, पुढच्या वर्षी होईल."

काटेकोरांच्या तोंडावर ते हसू आलं. ओठांवर ते वाक्यही आलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिकडे ऐकू जात होतं. बोळ पार करायला त्यांना वाव नव्हता. हसू हळूहळू उतरलं. त्या जागी घाबरलेल्या माणसाचा चेहरा आला, पण तो त्यांचा स्वतःचा होता.

"नाही, आई," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तिला बसता येत नाही. ती उद्या जाणार. तुझं बरोबर नाही."

"काय म्हणालास?"

"तुझं बरोबर नाही. मावशीला जेवायला मी वाढतो."

"वाढशील रे. पण रांधणार कोण?"

"तेही मीच."

आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, "मग मावशीला सांगते, घरून जेवून ये," आणि फोन उचलला. काटेकोर घाम पुसत बाहेर आले, तर बोळात बायको उभी होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, ते जसं मुद्रित बघत तसं. "आलं एकदाचं बरोबर," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून कंस सोडवायला गेली.

बायको पास झाली. नियमांत पुन्हा पहिली आणि बीजगणितात व्यवस्थित वर. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर तिने पहिल्या दिवशी घरची उशी नेऊन ठेवली, आणि फायलीला भोक पाडणाऱ्या पोरीने तिला 'मॅडम' म्हटलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिने ते घरी येऊन दोनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी काटेकोर बाहेरच्या खोलीत यंत्रासमोर बसले. 'विद्यार्थी की पालक?' यंत्राने विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, विद्यार्थ्यावर खूण केली आणि स्वतःचं नाव घातलं. बायको आत उशीचा अभ्रा बदलत होती. यंत्राने बदकांपासून सुरुवात केली. गवताआडचं बदक त्यांनी या वेळी पूर्ण धरलं. मग सफरचंदं झाली, आणि मग तो जुना सात आला.

"चल, एका बाजूला!" यंत्र गरजलं. "बाकीचे, दुसऱ्या बाजूला!"

काटेकोरांनी सात उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला. बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

"अरे, बाजू बदललीस ना? मग चिन्ह कोण बदलणार?"

काटेकोरांचं बोट हवेतच राहिलं.

"कर उणे," आई आतूनच म्हणाली. "तुझ्या वडिलांना जन्मभर जमलं नाही ते. तू तरी शीक."